वेगवेगळ्या ढंगांची नऊ गाणी, गावातल्या घरात जॅझ अल्बम: खोली, पट्टी, ओवीचा ठेका आणि परवानग्या

पळसफूल (आर्णी तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. जानेवारीत एका जॅझ गायिकेचा अल्बम रेकॉर्ड करायचा आहे. नागपूरला स्टुडिओ न घेता गावातल्या घरातच करायचं ठरलं आहे. गाणी अशी: अमेरिकन ब्लूज संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांचं 'सेंट लुईस ब्लूज', स्वतःची दोन मराठी स्विंग (झुलत्या ठेक्याची जॅझ) गाणी, एक बोसा नोव्हा (ब्राझीलचा ढंग), एक वॉल्ट्झ (तीनच्या ठेक्याचं), फक्त गिटारवर एक संथ बॅलड (हे पन्नासच्या दशकातलं भावगीत आहे, कॉर्ड नवे लावले आहेत), जात्यावरची ओवी, तुकडोजी महाराजांचं एक खंजिरीभजन, आणि शब्दांविना नुसत्या स्कॅटचं (निरर्थक अक्षरांवर गायचं) एक.

गळा: पांढरी एकला (सी) सा धरला तर मंद्र गंधार ते तार षड्ज. साथीला नायलॉन तारांची गिटार, उभा डबल बास, ब्रशवर वाजणारा छोटा ड्रमसेट, खंजिरी आणि पेटी. सामान: दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी), मोठ्या डायफ्रामचा एक कंडेन्सर माइक, एक डायनॅमिक माइक, लॅपटॉप. खोली १० बाय १० ची, विटांच्या भिंती, वर टिनपत्रे. शेजारच्या खोलीत वेचलेला कापूस भरलेला आहे.

विचारायचं हे:
खोलीत आवाज घुमतो, विशेषतः खालच्या दोन-तीन सुरांवर. काय करावं?
पट्ट्या कशा ठरवाव्यात? ओवीला ठेका कोणता धरावा?
वेगवेगळ्या ढंगांची नऊ गाणी एका अल्बमची वाटतील कशी?
परवानगी कोणत्या गाण्यांना लागते?

भिंत_आणि_कान

खोलीचं आधी. १० बाय १० म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, ही सगळ्यात वाईट मापं. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्यात ५६, ११३, १६९ आणि २२५ हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो, आणि दोन्ही दिशांना तेच आकडे येत असल्याने दुप्पट फुगतो. गायिकेचा मंद्र मध्यम आहे १७५ हर्ट्झ, मंद्र धैवत २२०. म्हणजे "खालच्या दोन-तीन सुरांवर घुमतो" हे बरोबर तेच आहे. गळ्याचा काही दोष नाही, ताईंना तसं सांगून ठेवा. नाहीतर त्या खालचे सूर दाबून गायला लागतात आणि बॅलडचा जीव जातो.

मोठी खोली असेल तर तीच घ्या. ओसरीला लागून १० बाय १६ ची असली तरी खूप फरक पडेल. नसेल तर माइक खोलीच्या मधोमध ठेवू नका. एका भिंतीपासून पावणेचार फूट आणि लगतच्या भिंतीपासून साडेचार फूट, अशी जागा धरा. पहिल्या अंतरावर २२५ चा फुगवटा मरतो, दुसऱ्यावर १६९ चा कमी होतो. मग मंद्र गंधारापासून तार षड्जापर्यंत एकाच जोराने सावकाश सरगम गायला लावा आणि मीटर पाहा. जो सूर ४-५ डेसिबलने उडी मारेल तो लिहून ठेवा आणि माइक अर्धा-अर्धा फूट सरकवत पुन्हा पाहा. हे तासभराचं काम आहे, पण मिक्स करताना फुगलेल्या फ्रिक्वेन्सींचे पट्टे कापत बसण्यापेक्षा बरं.

आता कापूस. घरात भरलेला कापूस आवाज शोषतो हे खरं, पण त्या खोलीत गाऊ नका. सरकीसकटच्या कापसात धूळ आणि पाल्याचा चुरा असतो, अंगाला खाज सुटते आणि अर्ध्या तासात घसा धरतो. सरकी काढलेली, पिंजलेली रुई घ्या. ४ फूट बाय २ फूट लाकडी पट्ट्यांची चौकट, ४ इंच खोल, दोन्ही बाजूंनी मांजरपाट. एका चौकटीत साधारण ३ किलो रुई बसते. जास्त ठासू नका, दाबून गच्च झाली की आवाज आत शिरत नाही, परततो. रुई काही दिवसांत खाली बसते आणि वरचा भाग रिकामा राहतो, म्हणून गादीला घालतात तसे दर फुटावर आरपार टाके घाला. अशा सहा चौकटी पुरतील: दोन गायिकेच्या पाठीमागे, दोन बाजूला, दोन माइकच्या मागे. भिंतीपासून ४ इंच लांब उभ्या करा. ही मागची पोकळी फुकटची आहे आणि खालच्या सुरांवर तिचाच जास्त उपयोग होतो. दोन कोपऱ्यांत जाड गाद्या गुंडाळून जमिनीपासून वरपर्यंत उभ्या करा. नुसत्या गोधड्या भिंतीला टांगल्या तर वरचे सूर मरतात, खालचा घुमारा तसाच राहतो, आणि आवाज पेटीत कोंडल्यासारखा होतो. ही चूक सगळ्यात जास्त होते.

रुई पेट घेते. हॅलोजन, एक्स्टेन्शन बोर्ड, उदबत्ती, काहीच त्या चौकटींजवळ नको.

टिनपत्रे जानेवारीत दिवस मावळल्यावर थंड होताना टकटक करतात, सकाळी ऊन चढताना पुन्हा. रात्री १० नंतर शांत होतात. रात्री १० ते २ ही वेळ धरा. पण शेतीच्या मोटारींची रात्रपाळी कोणत्या दिवशी आहे ते आधी विचारून घ्या. थ्री फेज लाइन आली की आसपासच्या मोटारी एकदम चालू होतात, विहीर जवळ असली तर घरघर थेट माइकमध्ये येते.

लाइटचं सोपं आहे. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस लॅपटॉपवरून, चार्जर काढलेला. गावात अर्थिंग बहुतेक ठिकाणी धड नसतं, त्यामुळे ५० हर्ट्झची गुणगुण आणि १००-१५० ची तिची पिल्लं येतात. बॅटरीवर गेलं की ती जातात. लाइन गेली म्हणून स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर चालवू नका, त्याची करकर गुणगुणीपेक्षा वाईट. फ्रिज बंद, मोबाइल विमान मोडवर.

माइक: घुमारा आवरला तर कंडेन्सर. नाही आवरला तर डायनॅमिक, सगळ्या नऊ गाण्यांना. निम्म्यांना एक आणि निम्म्यांना दुसरा, हे मात्र करू नका.

पांढरी_सहा

पट्टीसाठी पद्धत एकच. प्रत्येक गाण्याचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर कागदावर लिहा. वरचा सूर गळ्याच्या टोकापासून दोन अर्धस्वर खाली बसेल अशी पट्टी घ्या, म्हणजे या गळ्याला पांढरी सातच्या खाली, काळी पाचवर. तार षड्ज निघतो म्हणून तिथेच नेऊन ठेवू नका, रात्री १ वाजता तिसऱ्या टेकला तो निघत नाही. जॅझची छापील पुस्तकं बहुतेक वादकांच्या सोयीची असतात. बायकांच्या खर्जातल्या गळ्याला तीच गाणी चार-पाच अर्धस्वर खाली आणावी लागतात, त्यात कमीपणा काही नाही.

दुसरं बंधन वाद्यांचं. डबल बासची सगळ्यात जाड तार ई, ४१ हर्ट्झ. काळी दोनमध्ये (म्हणजे ई फ्लॅट) गाणं ठेवलं तर बासला खालचा सा मिळतच नाही, वरच्या सप्तकातला वाजवावा लागतो आणि स्विंगचा पाया हलका पडतो. गिटारलाही मोकळ्या तारा फारशा मिळत नाहीत. एक अर्धस्वर वर करून पांढरी तीन (ई) घ्या.

ओवीसाठी पांढरी सहा (ए) घ्या, ठामपणे सांगते. बासच्या ए आणि ई या दोन्ही मोकळ्या तारा म्हणजे सा आणि पंचम. गजाने या दोन तारा धरून ठेवा, तंबोऱ्याचं काम होतं. ओवीची चाल चार-पाच सुरांत फिरते, गळ्याला कुठेच ताण नाही. कॉर्ड लावायचेच असले तर गंधार वगळून लावा: सा-रे-प, किंवा चौथ्या-चौथ्याने रचलेले. ओवीतला गंधार पेटीवरच्या गंधारासारखा ठोकलेला नसतो, थोडा तरंगतो. खाली पक्का मेजर किंवा मायनर कॉर्ड आला की गळा बेसूर वाटायला लागतो, आणि सगळे गायिकेकडे पाहतात.

ओवीचा ठेका जात्याच्या घेऱ्यातून येतो. चारचा ठेका वरून लादू नका, श्वासाची जागा चुकते. आधी दोन ओव्या मोकळ्या, फक्त गज. मग जात्याच्या एका घेऱ्याएवढं एक आवर्तन धरून सहाचा सैल ठेका, ब्रश नुसता फिरवत, टोले न मारता. ओळ जिथे संपते तिथे ठेक्याने वाट पाहावी. सात मापं (बार) झाली की साडेसात, हे मोजू नका.

स्विंगमध्ये आपल्याकडच्या हातांची सवय आड येते. सम पहिल्या मात्रेवर ठासून द्यायची आपली रीत, इथे जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मेट्रोनोम निम्म्या गतीला लावा (१२० असेल तर ६०) आणि त्याचा ठोका २ आणि ४ समजून मोजा. एका मात्रेचे तीन भाग करून पहिला आणि तिसरा घेतला की मध्य लयीतला स्विंग बसतो. लय वाढली की तो सपाट होत जातो, २०० च्या पुढे तीन भाग मोजत बसलात तर ठेका लंगडतो. बोसा नोव्हात मात्र सगळे अर्धे भाग समान, तिथे चुकून स्विंग शिरला की गाणं गेलं.

मराठी शब्दांचं एक सांगते, इकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. इंग्रजीत शब्दावर आघात असतो, स्विंग त्यावर झुलतो. मराठीत आघात फिका, ऱ्हस्व-दीर्घाचं वजन मोठं. म्हणून दीर्घ अक्षर लांब सुरावर, ऱ्हस्व अक्षर मात्रेच्या उरलेल्या तिसऱ्या भागावर. उलटं पडलं की शब्द परका वाटतो. आणि भजनात आपण शेवटचं अक्षर उघडं करून लांबवतो, "राम" चं "रामऽ" होतं. स्विंग आणि बोसात ते बंद ठेवा, म, न, ल या व्यंजनांवरच सूर धरा. ख, फ, भ, थ हे माइकवर फुटतात: पॉप फिल्टर माइकपासून तीन बोटं लांब, आणि तोंड किंचित तिरकं.

पळसफूल

धन्यवाद जी. दोन शंका. पेटीवाले काका गळ्याच्या मागोमाग वाजवतात, ब्लूजमध्ये ते ऐकायला खटकतं, का ते कळत नाही. आणि दोनच इनपुट आहेत, तर चौघांना एकत्र कसं घ्यायचं?

पांढरी_सहा

ब्लूजमध्ये कॉर्ड शुद्ध गंधाराचा असतो आणि गळा कोमल गंधार लावतो, कधी दोहोंच्या मधला. ती ओढाताण हाच ब्लूज. पेटीने गळ्याचा सूर पकडला की कोमल गंधार आणि शुद्ध गंधार एकाच वाद्यावर, ठोकळ्यासारखे, एकमेकांवर आदळतात. गिटार तार ओढून मधला सूर देते, पेटी देऊ शकत नाही. काकांना सांगा: गळा चालू असताना थांबा, ओळ संपली की उरलेल्या दोन मापांत उत्तर द्या. १२ मापांच्या ब्लूजमध्ये प्रत्येक चार मापांत गळा साधारण दोनच भरतो, बाकी जागा उत्तरासाठीच असते. पेटीवाल्याला ही जागा आवडते एकदा सापडली की.

पेटी ४४० हर्ट्झच्या ए ला जुळलेली आहे का ते ट्यूनरवर तपासा. जुनी पेटी ४४४-४४५ ला सर्रास असते. पात्या तिथल्या तिथे उतरवता येत नाहीत, म्हणून पेटी असलेल्या गाण्यांत गिटार आणि बास पेटीला लावा.

भिंत_आणि_कान

दोन इनपुटचा क्रम असा लावा. बॅलड: गळा आणि गिटार एकाच वेळी, समोरासमोर, दोन इनपुट, मेट्रोनोम नको. ते गाणं श्वासावर चालतं, नंतर गळा चिकटवला तर मेल्यासारखं होतं. ओवी: गळा आणि बास तसेच.

स्विंग, ब्लूज, वॉल्ट्झ, बोसा: आधी गळा-गिटारचा कच्चा आराखडा मेट्रोनोमवर. तो हेडफोनात ऐकत बास आणि ब्रश एकाच वेळी वाजवा, प्रत्येकी एक इनपुट. बास आणि ब्रश वेगवेगळ्या दिवशी घेतले तर स्विंग बसत नाही, कितीही चांगले वादक असले तरी. ब्रशसाठी एकच माइक, वादकाच्या छातीच्या उंचीवर, स्नेअरकडे बघणारा. मग गिटार पक्की, शेवटी गळा. गळ्याला हेडफोन एका कानावरच, दुसरा कान उघडा, नाहीतर सूर हलतो.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठी तान उणे १० ते उणे १२ डेसिबलवर राहील एवढीच पातळी. ऐकण्यासाठी इंटरफेसचं थेट मॉनिटरिंग चालू करा. लॅपटॉपमधून फिरून येणारा आवाज काही मिलिसेकंद उशिरा येतो आणि गाणारी मागे पडते.

जमिनीवर चिकटपट्टीने दोन खुणा करा: एक वीत, आणि त्याच्या दीडपट. बोसा आणि बॅलड पहिल्या खुणेवर, बाकी दुसऱ्या. माइकच्या जवळ गेलं की खालचे सूर जाड होतात, त्यामुळे दर टेकला अंतर बदललं तर नऊ गाण्यांत नऊ गायिका ऐकू येतील.

चाल_कोणाची

परवानग्यांबद्दल, कारण यादीत दोन गाणी अडचणीची आहेत.

'सेंट लुईस ब्लूज' १९१४ सालचं. हँडी १९५८ ला गेले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे ते २०१८ अखेर संपले. अमेरिकेतही ते मोकळं आहे. खुशाल गा, फक्त दुसऱ्या कोणाची बांधणी किंवा रेकॉर्डिंग उचलू नका, त्यांचे हक्क वेगळे.

ओवी परंपरेची, शब्द आणि चाल मोकळी. शक्यतो घरात म्हटली जाते तशीच घ्या, एखाद्या रेकॉर्डवरची नवी चाल नको.

तुकडोजी महाराज १९६८ ला गेले. हिशेब केला तर त्यांच्या शब्दांचा हक्क २०२८ अखेरपर्यंत. चाल भजनी मंडळातली जुनी असली तरी शब्दांसाठी लेखी परवानगी घ्या. भजनातला एकही शब्द बदलायचा नाही, हे आधीच ठरवून जा.

भावगीत सगळ्यात नाजूक. शब्द आणि चाल, दोन वेगळे हक्क. कायद्याच्या ३१ क कलमाखाली, मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपून पाच वर्षं झाली की नोटीस देऊन आणि रॉयल्टी आगाऊ भरून पुन्हा गाता येतं. पण दोन गोष्टी आडव्या येतात. ज्या ज्या वर्षी प्रती काढाल त्या वर्षी रॉयल्टी किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने भरावी लागते. आणि मालकाच्या संमतीशिवाय रचनेत बदल चालत नाही, रेकॉर्डिंगच्या तांत्रिक गरजेपुरताच. तुम्ही तर कॉर्ड नवे लावले आहेत. म्हणून त्या कलमाच्या वाटेला न जाता हक्कदाराकडून थेट लेखी परवानगी घ्या, आणि पत्रात "नवीन संगीतरचनेसह" हे शब्द घालून घ्या. उत्तराला महिने लागू शकतात, त्या जागी स्वतःचं एक बॅलड तयार ठेवा.

स्वतःच्या गाण्यांचंही लिहून ठेवा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, वादकांना एकरकमी की वाटा. रेकॉर्डिंगच्या आधी, एका कागदावर, सह्यांसकट.

भिंत_आणि_कान

राहिला प्रश्न, नऊ गाणी एका अल्बमची कशी वाटतील. उदाहरण अमेरिकन जॅझ गायिका कॅसांड्रा विल्सनचं. १९९३ च्या अल्बममध्ये रॉबर्ट जॉन्सनचे ब्लूज आणि जोनी मिचेलचं गाणं शेजारी आहेत, तरी तुटत नाहीत, कारण साथ लाकडा-चामड्याची, तारेची, आणि गळा कायम जवळून येतो. गाणी बदलतात, बसायची जागा बदलत नाही.

तुमच्याकडे ते काम खंजिरी करू शकते. ती फक्त भजनात वाजली तर भजन पाहुण्यासारखं राहील. 'सेंट लुईस ब्लूज' मध्ये १२ मापांच्या ब्लूजच्या मध्ये १६ मापांचा मायनर तुकडा आहे, हाबानेराच्या (क्युबातल्या नाचाच्या) ठेक्याचा. आठ बारीक मात्रा धरल्या तर ३-१-२-२ अशी विभागणी. तो तुकडा खंजिरीवर घ्या, ब्रश थांबवून. बोट चामड्यावर, झांजा अंगठ्याने दाबलेल्या, नाहीतर किणकिण गळ्यावर चढते. स्कॅटच्या गाण्यातही शेवटी आणा. आता भजन आलं की कानाला ते वाद्य ओळखीचं असेल.

क्रम असा सुचवतो: स्विंग, सेंट लुईस, बोसा, बॅलड, ओवी, वॉल्ट्झ, दुसरं स्विंग, भजन, स्कॅट. ओवी पहिली ठेवायचा मोह होईल. नका ठेवू. ऐकणारा लोकगीतांचा अल्बम समजून बसतो आणि पुढचा स्विंग त्याला परका वाटतो. बॅलड संपल्यावर चार-पाच सेकंद शांतता, मग बासचा गज. बाकी ठिकाणी दोन सेकंद पुरे.

मिक्समध्ये गळ्याला लावायचा कृत्रिम घुमाराही (रिव्हर्ब) सगळीकडे एकच: दीड सेकंदाचा, आधी २० ते ३० मिलिसेकंद मोकळे, कमी-जास्त फक्त प्रमाण. ओवी कोरडी ठेवली तरी चालेल.

पातळी जुळवताना आख्खं गाणं मोजू नका, गळा मोजा. नऊही गाण्यांचा एक-एक अंतरा ओळीने लावा आणि गळा एकाच अंतरावर बसलेला वाटेपर्यंत पातळी हलवा. स्ट्रीमिंगवाल्यांचा उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) हा आकडा पाहून प्रत्येक गाणं तिथे नेऊन ठेवलं तर गिटारवरचं बॅलड ब्लूजएवढंच मोठ्याने ओरडेल. अल्बममधलं सगळ्यात मोठं गाणं उणे १४ च्या आसपास ठेवा, शिखर उणे १ डेसिबलच्या वर नको, बॅलड आणि ओवी तीन-चार एककं खाली राहू द्या. आख्खा अल्बम लावला की स्पॉटिफाय सगळ्या गाण्यांना एकच वाढ-घट देतं, तुमचे चढउतार तसेच राहतात.

पळसफूल

भिंतीजवळची जागा आज धरून पाहिली. मंद्र धैवताचा फुगवटा पाच डेसिबलवरून दोनवर आला. मध्यम अजून थोडा उठतो.

भिंत_आणि_कान

मध्यमासाठी दुसरं अंतर साडेचारवरून पाच फुटांकडे तीन-तीन इंचांनी न्या, पहिलं हलवू नका. जागा सापडली की माइक स्टँडच्या तिन्ही पायांखाली खडूने खुणा करा. आणि रोज रात्री पहिल्या टेकआधी खोलीची अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा, सगळे आत बसलेले असताना. ओळींच्या मध्ये काटछाट केली की तीच शांतता तिथे भरावी लागते, दुसऱ्या रात्रीची जुळत नाही.